सोलर सेलवरचं खडबडीत पॉलिमर कव्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलर सेलवर पारदर्शक पॉलिमरचं खडबडीत कव्हर बसवलं की सेल जास्त प्रकाश खातो, ही गोष्ट खरी आहे. पण त्याचे जे आकडे फिरतात ते बरेचदा अर्धेच सांगितले जातात आणि मग लोक घरच्या पॅनलवर काहीतरी चिकटवायला निघतात. म्हणून हे प्रश्न एका जागी घेतलेत, काही उत्तरं मोठी झालीत कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

हे कव्हर म्हणजे नक्की काय?

पारदर्शक प्लास्टिकचा किंवा सिलिकॉन रबराचा पातळ थर, ज्याच्या वरच्या बाजूला मुद्दाम बारीक उंचवटे-खड्डे काढलेले असतात. पिरॅमिड, घुमट, शंकू, कसलेही. त्यांचा आकार काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि नॅनोमीटर त्याचाही हजारावा) अगदी मिलिमीटरपर्यंत असू शकतो, आणि दुसऱ्या प्रकारात तर तो प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान, म्हणजे दोनशे-तीनशे नॅनोमीटरच्या घरात असतो. खालची बाजू सपाट असते, ती सेलवर किंवा काचेवर घट्ट बसते. सेलच्या आत काहीही बदलायचं नसतं, सगळं काम बाहेरून, आणि हीच यातली सगळ्यात आवडावी अशी बाब आहे कारण सेलचा नाजूक भाग न छेडता फायदा मिळतो.

पण प्रकाश वाया जातोच कुठे? पॅनल तर काळंभोर दिसतं.

काळं दिसतं ते उगीच नाही, त्यामागे कितीतरी वर्षांची मेहनत आहे. घासून गुळगुळीत केलेलं नुसतं सिलिकॉन (सेल ज्याचा बनतो ते, वर म्हटलेलं रबर नव्हे) तिसऱ्या हिश्श्याएवढा प्रकाश परत फेकून देतं. म्हणून कारखान्यात वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, गरम अल्कलीत बुडवून त्याच्यावर बारीक पिरॅमिड उठवतात आणि वर सिलिकॉन नायट्राइडचा साधारण ७५ नॅनोमीटरचा थर देतात, जुन्या पॅनलची निळी झाक त्याच थरामुळे. एवढं केल्यावर सेलवरून परत जाणारा प्रकाश दोन-तीन टक्क्यांवर येतो.

मग राहते वरची काच. काचेचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचं माप) १.५ च्या आसपास, हवेचा १, त्यामुळे प्रकाश सरळ वरून पडला तरी ४ टक्के काचेवरूनच परत जातो. तिरका पडला की हा आकडा झपाट्याने चढतो, कोन काचेवरच्या उभ्या रेषेपासून मोजायचा: ६० अंशाला साधारण ९ टक्के, ८० अंशाला जवळजवळ ३९ टक्के. सकाळी सातचं ऊन आणि दुपारी बाराचं ऊन यात हाही एक फरक असतो, नुसता उन्हाचा जोर कमी असतो असं नाही.

मग खडबडीत केल्याने फरक कसा पडतो?

तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि त्या एकत्र मिसळून सांगितल्या की गोंधळ उडतो.

पहिली, दुसरी संधी. सपाट पृष्ठभागावरून परत गेलेला प्रकाश आकाशात जातो, संपला विषय. पिरॅमिडच्या उतारावरून परत गेलेला प्रकाश मात्र शेजारच्या पिरॅमिडवर जाऊन आपटतो, कॅरमच्या सोंगटीने कडेला लागून परत फिरावं तसा, आणि त्याला आत शिरायची अजून एक संधी मिळते. पहिल्या वेळी पाचएक टक्के निसटला आणि त्यातलाही बहुतेक दुसऱ्या वेळी आत गेला, की एकूण नुकसान एक टक्क्याच्या बरंच खाली येतं.

दुसरी गोष्ट मला जास्त सुंदर वाटते. सेलवरून किंवा सेलवरच्या चांदीच्या बारीक रेघांवरून जो प्रकाश वर परत येतो त्यालाही हे कव्हर आतून अडवतं. दहावीच्या पुस्तकातलं पूर्ण आंतरिक परावर्तन आठवा. अपवर्तनांक १.४ असलेल्या पॉलिमरसाठी त्याचा क्रांतिक कोन साधारण ४५.६ अंश येतो. सिलिकॉन वेफरवर अल्कलीने उठवलेल्या पिरॅमिडचा उतार असतो ५४.७ अंशांचा, आणि त्या वेफरचा साचा करून कव्हर ओतलं तर कव्हरलाही तोच उतार येतो. म्हणजे सरळ वर येणारा प्रकाश त्या उतारावर ५४.७ अंशांनी आदळतो, जो क्रांतिक कोनापेक्षा जास्त आहे, आणि बाहेर न पडता वळतो. तो शेवटी सगळाच परत सेलकडे जातो असं नाही, पण सपाट कव्हर त्याला अडवतच नाही.

तिसरी, तिरका रस्ता. उतारातून आत शिरताना प्रकाश वाकतो आणि सेलमधून सरळ जाण्याऐवजी तिरका जातो, म्हणून त्याला जास्त अंतर कापावं लागतं आणि शोषला जायची शक्यता वाढते. जाड सिलिकॉनला याचा फार फायदा नाही, पण ज्या सेलमध्ये काम करणारा थर शे-दोनशे नॅनोमीटरचाच आहे (ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनी पदार्थांचे सेल) तिथे हेच मोठं ठरतं. सेलचे पृष्ठभाग पूर्णपणे विस्कळीत केले तर हे किती ताणता येईल याची सीमा भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच यांनी १९८२ मध्ये काढली: अपवर्तनांकाच्या वर्गाच्या चौपट. सिलिकॉनसाठी सुमारे ५० पट. प्रत्यक्षात कोणी तिथवर सहज पोचत नाही, बाहेरच्या नुसत्या कव्हरने तर नाहीच, पण मोजपट्टी म्हणून तो आकडा आजही वापरतात.

नॅनोमीटरच्या आकाराचे खड्डे पण हेच करतात का?

नाही, त्यांची तऱ्हा वेगळी. ते तरंगलांबीपेक्षा लहान असल्यामुळे प्रकाशाला पिरॅमिड असा वेगळा दिसतच नाही. त्याला वाटतं की हवा हळूहळू दाट होत होत पॉलिमर झाली. अचानक बदलणारी सीमाच नसल्यामुळे परावर्तन होत नाही. ही युक्ती रात्री उडणाऱ्या पतंगांच्या डोळ्यांवर सापडली. त्यांच्या डोळ्यांवर असे बारीक खुंट असतात आणि त्यामुळे डोळे चमकत नाहीत. १९७३ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीमध्ये क्लॅफम आणि हटली यांनी तीच रचना कृत्रिमरीत्या करून परावर्तन कमी होतं हे दाखवलं. पण हे लक्षात ठेवा की पतंगाच्या डोळ्याची रचना फक्त परावर्तन कमी करते, प्रकाश फारसा तिरका करत नाही. वरच्या तीनपैकी दुसरं आणि तिसरं काम हवं असेल तर मायक्रॉनचे मोठे आकारच लागतात.

गुलाबाच्या पाकळीचा सोलर सेल ही बातमी खरी होती का?

खरी. २०१६ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि झेडएसडब्ल्यू या संस्थेच्या संशोधकांनी गुलाबाच्या पाकळीचा ठसा सिलिकॉन रबरावर घेतला, तो ठसा यूव्हीने कडक होणाऱ्या पारदर्शक चिकटद्रव्यात दाबून पाकळीची हुबेहूब नक्कल केली आणि ती ऑरगॅनिक सेलवर बसवली. सरळ पडणाऱ्या प्रकाशात सेलची कार्यक्षमता आधीपेक्षा १२ टक्क्यांनी वाढली, तिरक्या प्रकाशात त्याहून पुष्कळ जास्त. पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या छोट्या टेकड्यांसारख्या असतात आणि त्या टेकड्यांवरही अजून बारीक सुरकुत्या असतात, त्यांची मांडणी अगदी एकसारखी नसते, म्हणून सगळ्या रंगांना आणि सगळ्या कोनांना ती सारखीच चालते.

याच धाटणीचं दुसरं काम २०१४ चं, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं. त्यांनी ब्लू-रे डिस्कवरच्या खाचांचा ठसा घेऊन तो पॉलिमर सेलमध्ये उतरवला आणि शोषण २१.८ टक्क्यांनी वाढलं. डिस्कवर कुठला सिनेमा आहे याने काही फरक पडत नाही, कारण डेटा कॉम्प्रेस करून लिहिताना खाचांची लांबी जवळजवळ यादृच्छिक होते. तिथे ठसा सेलच्या आत होता, वरच्या कव्हरवर नाही, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

मग माझ्या छतावरच्या पॅनलवर असं कव्हर लावलं तर १२ टक्के वीज वाढेल?

नाही वाढणार. आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा थांबून सांगतो.

कुठलाही टक्का वाचला की पहिला प्रश्न विचारायचा, कशाच्या तुलनेत? १२ टक्के वाढ मिळाली तो सेल सपाट होता, पातळ होता, त्याच्या वर परावर्तन थांबवणारं दुसरं काही नव्हतं. म्हणजे वाया जाणारा प्रकाश भरपूर होता, तो परत मिळवला. तुमच्या छतावरच्या पॅनलमध्ये सिलिकॉनवर आधीच पिरॅमिड आहेत, नायट्राइडचा थर आहे, आणि आजकालच्या बहुतेक पॅनलच्या काचेवर सच्छिद्र सिलिकाचा परावर्तनरोधी थर पण असतो जो काचेचे ४ टक्के बरेच खाली आणतो. आता परत मिळवायला उरलंय किती? सरळ प्रकाशात एक-दोन टक्के, तिरक्यात थोडं जास्त.

दुसरी गल्लत सापेक्ष आणि निव्वळ टक्क्यांची. २० टक्के कार्यक्षमतेचा सेल १२ टक्क्यांनी वाढला म्हणजे ३२ टक्के नाही झाला, २२.४ झाला. बातम्यांमध्ये हा फरक गिळला जातो आणि वाचणाऱ्याला खूप मोठी आशा लागते, मग निराशा. मला याचा मनापासून त्रास होतो कारण मूळ काम चांगलंच असतं.

समजा ३ टक्के वाढले तरी, हिशोब काय?

आपल्याकडे १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. ३ किलोवॅटचे १२, वर्षाला साधारण ४,३८० युनिट. त्याचे ३ टक्के म्हणजे १३० युनिट. तुमच्या युनिटच्या दराने गुणा आणि कव्हरच्या, चिकटवण्याच्या खर्चाशी ताडून बघा. तेवढेच युनिट, किंवा त्याहून जास्त, पॅनल वेळेवर धुतल्याने मिळतात.

महाराष्ट्रात तर सूर्य डोक्यावर असतो, मग तिरक्या प्रकाशाचा फायदा आपल्याला नाहीच?

अर्धं बरोबर. आख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून तर आपल्याकडे वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो, पुण्या-मुंबईला एकदा मेच्या मध्यात आणि परत जुलैच्या अखेरीस. छतावरचं पॅनल दक्षिणेकडे थोडं कललेलं असलं की दुपारी ऊन बऱ्यापैकी सरळच पडतं. जर्मनीतल्या हिवाळ्यात जो फायदा दिसतो तेवढा इथे दुपारी दिसणार नाही.

पण जून ते सप्टेंबर विसरू नका. ढगाळ दिवशी प्रकाश एका दिशेने येतच नाही, सगळ्या आकाशातून येतो, आणि त्यात तिरक्या प्रकाशाचा वाटा मोठा असतो, तिथे खडबडीत कव्हर सपाट काचेपेक्षा बरं काम करतं. फक्त पावसाळ्यात मुळात प्रकाशच कमी, त्यामुळे टक्का छान दिसला तरी युनिट थोडेच. उभ्या भिंतीवरचे किंवा बाल्कनीच्या कठड्यावरचे पॅनल ही वेगळी गोष्ट, तिथे भर दुपारी सुद्धा ऊन घसरतं पडतं आणि कव्हरचा फायदा खरोखर जाणवण्याइतका असू शकतो.

धुळीचं काय?

हा आपल्याकडचा सगळ्यात खरा प्रश्न. धुळीचे कण काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत असतात, म्हणजे कव्हरवरचे खड्डे ज्या मापाचे तेच माप. कण खड्ड्यात बसला, रात्री दव पडलं, सकाळी वाळलं की तो तिथे सिमेंट लावल्यासारखा पक्का. सपाट काचेवर फडकं फिरवलं की जातो, खड्ड्यातून निघत नाही, आणि जोरात घासाल तर टेक्श्चरच, म्हणजे ते उंचवटे-खड्डेच, झिजेल.

उलट बाजू अशी की योग्य टेक्श्चर असेल तर पाणी टिकतच नाही. अळवावरचं पाणी आपण म्हणतो ते याचमुळे, अळूच्या पानावर मेणाचे बारीक उंचवटे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर तरंगतो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. कमळाचंही तसंच. गुलाबाच्या पाकळीवर मात्र थेंब गोल दिसतो पण चिकटून राहतो, पाकळी उलटी केली तरी पडत नाही. त्यामुळे निसर्गातली नक्कल आहे म्हणजे आपोआप स्वच्छ राहील असं गृहीत धरू नका. आणि थेंब घरंगळायला मुळात पाऊस किंवा दव लागतं, डिसेंबर ते मे आपल्याकडे पावसाचं नाव नसतं.

सिलिकॉन रबर, म्हणजे पीडीएमएस, लॅबमध्ये सगळ्यांचं लाडकं, पण ते मऊ आणि किंचित चिकट असतं, धूळ अक्षरशः ओढून घेतं. लॅबच्या फोटोत चकचकीत दिसणारा तुकडा रस्त्याकडेच्या छतावर दोन आठवडे ठेवा, मग बघा.

खिडकीला लावायची फ्रॉस्टेड फिल्म किंवा स्क्रीनगार्ड पॅनलवर चिकटवलं तर चालेल का?

कृपया नको. फ्रॉस्टेड फिल्म प्रकाश विखुरते खरी, पण त्यातला काही मागेही फेकते आणि काही स्वतः शोषते. फिल्म पीव्हीसी प्लास्टिकची असेल तर ती उन्हात पिवळी पडते. चिकटवताना आत हवेचे बुडबुडे राहिले तर प्रत्येक बुडबुड्याला काच-हवा, हवा-फिल्म अशा दोन नव्या सीमा तयार होतात आणि प्रत्येक सीमेवर परत चार-चार टक्के. फिल्मचा तुकडा अर्ध्या सेलवरून निघाला आणि मळला तर त्या सेलवर सावली पडून तो तापू शकतो. शिवाय पॅनलच्या वॉरंटीचा प्रश्न आहेच, काचेवर काही चिकटवण्याआधी कागद वाचा. भिंगाची प्लास्टिक शीट तर अजिबात नको, ती एका जागी ऊन गोळा करते.

कव्हरसाठी पॉलिमर कुठलं चांगलं?

पीडीएमएसचा अपवर्तनांक १.४१ च्या आसपास, काचेपेक्षा कमी. गंमत अशी की नुसता सपाट पीडीएमएसचा थर काचेवर नीट बसवला तरी वरचं परावर्तन ४ वरून ३ टक्क्यांवर येतं, कारण हवेपासून काचेपर्यंतची उडी दोन पायऱ्यांत विभागली जाते. अॅक्रिलिक म्हणजे पीएमएमए १.४९, उन्हात बऱ्यापैकी टिकतं पण त्यावर ओरखडे पडतात. पॉलिकार्बोनेट मजबूत, मात्र यूव्हीपासून वाचवलं नाही तर पिवळं होतं. बाहेर वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर ईटीएफई हे फ्लोरोपॉलिमर सगळ्यात भरवशाचं, अपवर्तनांक १.४, ऊन सोसतं, धूळ सहज धरत नाही. फक्त त्याला काही नीट चिकटवायचं तर पृष्ठभागावर आधी प्रक्रिया करावी लागते.

टिकण्याबद्दल एकच सांगतो. पॅनलसाठी आयईसी ६१२१५ ही आंतरराष्ट्रीय कसोटी आहे, त्यात ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास, उणे ४० ते ८५ अंशांमध्ये २०० फेऱ्या, गारांचा मारा, असं सगळं असतं. कुठल्याही कव्हरबद्दल वाचताना असल्या चाचणीचा उल्लेख आहे का ते शोधा.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये बनवता येईल का?

येईल, आणि करून बघण्यासारखंच आहे. अल्कलीने टेक्श्चर केलेला सिलिकॉन वेफरचा तुकडा साचा म्हणून वापरा. दोन भागात येणारं पीडीएमएस १०:१ वजनाने घ्या, मन लावून ढवळा, ते दुधासारखं पांढरं होईल इतके बुडबुडे येतात. मग व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये (आतली हवा काढून घेता येणारं बंद भांडं) ठेवा, बुडबुडे फुगून वर येतात, मध्येच हवा सोडून ते फोडायचे आणि परत व्हॅक्यूम, काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत. साच्यावर ओता, ७० अंशांना दोनएक तास ओव्हनमध्ये, थंड झाल्यावर एका कोपऱ्यातून सावकाश सोला. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर दुधाळ दिसेल, तीच खूण.

लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. त्यातल्या गंधकामुळे पीडीएमएसमधला प्लॅटिनमचा उत्प्रेरक निकामी होतो आणि जिथे हात लागला तिथे ते कच्चं, चिकट राहतं. नायट्राइलचे घ्या. पीडीएमएसच्याच साच्यात परत पीडीएमएस ओतणार असाल तर आधी साच्यावर फ्लोरोसायलेनचा, म्हणजे चिकटू न देणाऱ्या रसायनाचा, थर द्यायला लागतो, नाहीतर दोन्ही एकजीव होतात.

मोजताना काय सांभाळायचं?

इथेच बहुतेक प्रोजेक्ट घसरतात. सेल १ चौरस सेंटिमीटरचा आणि कव्हर ४ चौरस सेंटिमीटरचं असेल, तर सेलच्या बाहेर पडलेला प्रकाशही कव्हर आतल्या आत फिरवून सेलपर्यंत आणतं, करंट भरमसाठ वाढलेला दिसतो आणि सगळे खूश होतात. प्रत्यक्षात तुम्ही सेलचं क्षेत्रफळ वाढवलंत. म्हणून कव्हरच्या वर काळा मास्क ठेवा, त्याच्या खिडकीचं माप पक्कं माहीत असू द्या, आणि तोच मास्क कव्हर नसतानाही वापरा.

तुलना तीन गोष्टींची करा: नुसता सेल, सपाट कव्हर, खडबडीत कव्हर. सपाटवालं वगळलं तर फायदा टेक्श्चरचा की अपवर्तनांकाचा हे कळणारच नाही. वाढ मुख्यतः शॉर्ट सर्किट करंटमध्ये, म्हणजे सेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणाऱ्या करंटमध्ये, दिसायला हवी. व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं, तेच खूप वाढलं असेल तर कव्हर सोडून दुसरं काहीतरी बदललंय, आधी तापमान तपासा. आणि कोन बदलून मोजा, ०, ३०, ६०, ७५ अंश, कारण कव्हरची खरी कहाणी तिरक्या कोनांत असते. आपल्याकडे या क्षेत्रात शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईत २०१० पासून चालणारं एनसीपीआरई हे सौर सेलवर संशोधन करणारं केंद्र आहे, त्यांनी देशभरातल्या जुन्या पॅनलची अवस्था तपासणारी सर्वेक्षणं केलीत, ती जरूर वाचा.

जास्त प्रकाश आत गेला तर पॅनल जास्त तापणार नाही का?

थोडंसं. सिलिकॉनची पॉवर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घटते, पण दोन-तीन टक्के जादा प्रकाशाने तापमान एखाद्या अंशाच्या आसपासच वाढेल, फायदा त्यात बुडत नाही.

मग अशा कव्हरचा खरा उपयोग कुठे?

जिथे सेल स्वतः खडबडीत करता येत नाही तिथे. पेरोव्स्काइट हा सेलसाठीचा एक नवा पदार्थ, त्याचा थर द्रावणातून पसरवताना खालचा पृष्ठभाग सपाट असला तर काम सोपं होतं, पण सपाट ठेवला की परावर्तन वाढतं. मग वरून टेक्श्चरची फॉइल लावायची. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पेरोव्स्काइट-सिलिकॉन टँडेम (एकावर एक दोन थरांच्या) सेलवर अशीच फॉइल वापरून २५.५ टक्के कार्यक्षमता दाखवली होती. ऑरगॅनिक सेल, वाकणारे पातळ सेल, इमारतीच्या दर्शनी भागातले पॅनल, हेही त्यातच. विमानतळाजवळ किंवा समोरासमोर इमारती असतील तिथे आरशासारखी तिरीप डोळ्यांत जाऊ नये म्हणूनही खडबडीत पृष्ठभाग कामाला येतो.

असे पॅनल बाजारात मिळतात का?

मिळतात, कदाचित तुम्ही पाहिलेही असतील. ट्रेकला किंवा गाडीच्या टपावर न्यायचे घडीचे, वाकणारे पॅनल असतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांच्या वर काच नसते, बारीक मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला ईटीएफईचा थर असतो. घेताना बोट फिरवून बघा, खरखर लागते. त्याच मापाचं गुळगुळीत पीईटी (बाटल्यांचं प्लास्टिक) कव्हरचं पॅनल स्वस्त पडतं, पण उन्हात पीईटी लवकर पिवळं होतं आणि सुटायला लागतं, तेव्हा विक्रेत्याला वरचा थर कशाचा आहे हे आधी विचारा, वॉट नंतर.